भार आल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही

हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं टोक गाडीच्या चासीला टेकवलेलं, लाकडी मूठ दाढांमध्ये घट्ट धरलेली, डोळे मिटलेले आणि डावा हात वर. वस्ताद मला पहिल्यांदा दिसले ते असे. मी गाडीवर हात ठेवून काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तसा तो हात आणखी वर गेला. मिनिटभराने त्यांनी मूठ तोंडातून काढली, खाकी पँटला पुसली आणि म्हणाले, "तुम्ही गप्प बसा हो. तिला बोलू द्या."

'ती' म्हणजे माझी पिकअप.

पुण्यात एकाआड एक जिन्याखाली कॉम्प्युटर क्लास निघत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी बँकेतली बरी चाललेली नोकरी सोडून सदाशिव पेठेत दोन खोल्यांत कॉम्प्युटर जोडायला लागलो होतो. जोडलेला माल पोचवायला जुनी पिकअप घेतली. ती चालायची उत्तम, पण प्रत्येक खड्ड्याला अशी कण्हायची की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. कोथरूडच्या एका गिऱ्हाइकाने तर गॅलरीतूनच मला थांबवलं होतं.

"वर आणू नका. वाजतायत ते."

"अहो, कॉम्प्युटर नाही, गाडी वाजतीये."

"असं तुम्ही म्हणता," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कोणीतरी मला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत पाठवलं. तिथे एक वस्ताद आहेत, ते नुसतं ऐकून गाडीचं दुखणं सांगतात, असा त्यांचा लौकिक होता. ते भवानी पेठेतल्या जुन्या मुसलमान घरातले. मराठी इतकं स्वच्छ की आमच्या पेठेतल्यांनी शिकवणी लावावी, आणि तुसडेपणातही आमच्याहून तसूभर कमी नाहीत. त्या दिवशी त्यांनी गाडीला चार ठिकाणी दात लावले आणि निकाल दिला, "बुश गेलेत. सगळे."

बुश म्हणजे रबराचं एक जाड कडं, त्याच्या आत लोखंडी नळी. गाडीचे स्प्रिंगचे पाटे आणि चासी जिथे सांधतात तिथे हे मधे बसतं, म्हणजे लोखंड लोखंडाला घासत नाही. "नाव इंजिनाचं होतं," वस्ताद म्हणाले, "आणि मार हे खातात."

मी पुढचं काही विचारणार, तेवढ्यात शेजारच्या अंड्यांच्या गोदामातून एक जाडजूड गृहस्थ तरातरा आले, वस्तादांच्या पुढ्यात कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि गल्ली दणाणून टाकत ओरडले, "अहो, तुम्हाला काही वाटतं का? एक वाजून गेला! मटकीची उसळ केलीये बायकोने! गार झाल्यावर येणार का जेवायला?"

"येतो," वस्ताद शांतपणे म्हणाले. "ओरडता कशाला?"

जेवायला बोलवायला माणूस अंगावर धावून जातो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाठोपाठ चहाच्या गाडीवरच्या मावशी आल्या. त्यांनी ग्लास वस्तादांच्या पुढे आदळला आणि किंचाळल्या, "साखर कमी घातलीये! डॉक्टरने सांगितलंय ना तुम्हाला! काय करायचं ते करा!" मला वाटलं, या गल्लीत या माणसाने काहीतरी मोठं पाप केलेलं असणार.

मावशींनीच मला बाजूला घेऊन खुलासा केला. आता मात्र त्यांचा आवाज अगदी तुमच्या-आमच्यासारखा होता. "कान गेलेत त्यांचे. लई वर्षं झाली. त्यांना वाटतं, कुणाला ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय? हळू बोललं तर ऐकू येत नाही. उगंच मोठ्यानं बोललं तर त्यांना कळायचं, की यांना कळलंय. म्हणून भांडायचं. भांडणात माणूस ओरडतोच की. संशय येत नाही."

तुम्ही पुण्यात राहिला असाल तर ही युक्ती का खपून गेली हे तुम्हाला सांगायला नको. इथे एकाने दुसऱ्यावर खेकसायला कारण लागत नाही. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटलं असतं, पण मार्केट यार्डातला हमाल काय, गिऱ्हाईक काय, रोज पन्नास भांडणं ओलांडून जातो, त्यात हे एकावन्नावं.

पण गल्लीतली माणसं गमतीखातर हे करत नव्हती. 'ऐकून सांगतात' एवढ्या एका गोष्टीवर वस्तादांचं गॅरेज उभं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे गाडीची कुरकुर घेऊन कोण गेलं असतं? आणि त्याहीपेक्षा, आपल्याला ऐकू येत नाही हे लोकांना कळलंय, हे ज्या दिवशी त्यांना कळलं असतं त्या दिवशी ते गॅरेज बंद करून घरी बसले असते. इतका मानी माणूस होता तो. अंडीवाले काका, मावशी आणि बाजारात मालाची वजनं करणारे एक तोलणार हे तिघं पहारेकऱ्यांसारखे त्या गुपितावर बसले होते.

मलाही मग भांडायला शिकावं लागलं. ते सोपं नव्हतं. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला टोचून बोलता येतं, पण ते काम हळू आवाजातच होतं. ओरडून टोचता येत नाही. मी पहिल्या दिवशी वस्तादांना "बुश कधीपर्यंत होतील हो?" असं विचारलं, तर ते पान्यांच्या पेटीत बघत राहिले. लगेच अंडीवाले काका माझ्यावर डाफरले, "नीट भांडता येत नाही का तुम्हाला? आधी हात हलवा. मग 'काय चाललंय काय तुमचं' म्हणा. मग विचारायचं ते विचारा." मी हात हलवले, काय चाललंय काय तुमचं म्हटलं आणि बुशची चौकशी केली.

"परवा," वस्ताद म्हणाले. "एवढं तापायला काय झालं?"

त्या कामाचे दोन दिवस मी तिथेच काढले, कारण वस्तादांची अट होती. गाडी सोडून जायचं नाही, दवाखान्यात माणसाजवळ कोणी थांबतं की नाही? त्यांनी गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली, चाकं काढली. पाट्यांचे बोल्ट गंजून असे बसले होते की एकेकाला तासतास लागला. ते आधी तेल सोडायचे, मग हातोडीने टकटक करायचे, मग स्क्रू-ड्रायव्हर दातांत धरून बोल्टला लावायचे आणि टकटक ऐकायचे. "हलला," असं ते म्हणायचे तेव्हा मला काडीचाही फरक दिसलेला नसायचा. पण खरंच पुढच्या झटक्याला बोल्ट फिरायचा. जुना बुश निघाला की ते तो माझ्या तळहातावर ठेवायचे. गोल भोक झिजून लांबट झालेलं, रबराच्या चिंध्या झालेल्या. "हे घरी न्या आणि काचेच्या कपाटात ठेवा," ते म्हणायचे. "म्हणजे लक्षात राहील, कुणाच्या जिवावर फिरत होतात ते."

नवे बुश बसवताना त्यांनी माझ्याकडे साबण मागितला. ग्रीसने रबर फुगतं, साबणाच्या फेसाने ते सरकतं आणि मग फेस वाळून जातो. मी कोपऱ्यावरून कपड्याचा साबण आणला. त्यांनी तो हुंगला आणि परत दिला. "अंगाचा आणा. चांगल्यातला." माझ्या पिकअपचे सांधे मग चंदनाच्या वासाने दोन दिवस घमघमत होते.

खरा घोळ झाला तो शेवटी. बुश बसले, बोल्ट घातले, गाडी चाकांवर उतरली, आणि वस्तादांनी बोल्ट आवळायला नकार दिला.

"भार आल्याशिवाय बोल्ट आवळायचा नाही," ते म्हणाले. "हवेत आवळला तर रबर पीळ खाऊन बसतं. ओझं पडलं की फाटतं. गाडी रोज जेवढं ओझं नेते तेवढं तिच्यावर असताना आवळायचं. तुमच्या गाडीत काय असतं?"

मी हात हलवून, पाय आपटून सांगितलं की वीस मॉनिटर, वीस डबे, एक अवजड प्रिंटर आणि दोन मोठे यूपीएस असतात.

"आणा."

या धुळीत नवे मॉनिटर आणणं शक्य नव्हतं. बाजारातली बटाट्याची पोती सहज मिळाली असती, पण ती त्यांना चालेनात. पोतं बसकं असतं, त्याचा भार फळीवर पसरतो. मॉनिटर आपल्या जागेवर बसतो. बराच विचार करून ते म्हणाले, "माणसं चालतील."

तोलणारांनी बाजारातला काटा आणला. गल्लीतल्या एकेका माणसाला त्यावर उभं करून वजन घेतलं. अंडीवाले काका दोन यूपीएसच्या बरोबरीचे भरले, म्हणून त्यांना मागे डावीकडे बसवण्यात आलं. मावशी म्हणजे तीन मॉनिटर. तोलणार स्वतः चार डबे. आणखी सात जण वस्तादांनी रस्त्यावरून गोळा केले. त्यांत मेथी घ्यायला आलेले एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना वस्तादांनी विचारलं, "आपलं वजन किती?" त्यांनी सांगितलं. "बसा. आपण प्रिंटर." ते पिशवी मांडीवर घेऊन मुकाट्याने बसले. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही.

"हलायचं नाही," वस्तादांनी बजावलं. "मॉनिटर हलत नाहीत." आणि गोणपाट अंथरून ते गाडीखाली शिरले. मी पाने द्यायला बाहेर उकिडवा बसलो.

दहा माणसं उन्हात, एका उभ्या गाडीच्या हौद्यात, खुर्च्या नाहीत, बोलणं नाही, अशी ओळीने बसलेली तुम्ही पाहिली असतीत तर तुम्हाला काय वाटलं असतं मला माहीत नाही. एका रिक्षावाल्याने मात्र थांबून विचारलं, "हडपसरला जाणार का?"

पाच-दहा मिनिटं सगळे मॉनिटरसारखे बसले. मग माणसांसारखे बोलायला लागले. वस्ताद खाली होते, पाठ जमिनीला, आणि ऐकू तर येतच नव्हतं. त्यामुळे आवाज चढवण्याची गरज नव्हती आणि सावध राहण्याचीही.

"माझा घसा पार बसलाय," अंडीवाले काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, बोलू नका महिनाभर."

"मी माझ्या नवऱ्यावर पण जल्मात इतकी वरडले नाही," मावशी म्हणाल्या.

 तोलणार म्हणाले, "काल ट्रक मागे येत होता. हॉर्नवर हॉर्न. वस्ताद रस्त्यात मधोमध उभे. मी दंडाला धरून ओढलं म्हणून. नाहीतर काल गेले होते."

 हेडमास्तरांना तर कशाचा काही पत्ता नव्हता, तरी त्यांनी मेथीची पिशवी छातीशी धरली.

"कुणीतरी कानाच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे," मावशी म्हणाल्या.

"कोण सांगणार त्यांना?" काका म्हणाले. "सांगितलं की कळलं. आणि कळलं की गॅरेज बंद. मग करतील काय ते? घरात बायको नाही, मुलगी मिरजेला. गाडी हेच माणूस आहे त्यांचं."

"म्हणून ट्रकखाली जाऊ द्यायचं?"

"आपण आहोत ना. ओढू की दंडाला धरून. आणि ओरडू. माझा घसा आहे तोवर मी ओरडतो, मग तुम्ही ओरडा."

खालून पान्याचा आवाज येत नव्हता. तो कधी थांबला ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी वाकून गाडीखाली पाहिलं.

वस्ताद उताणे पडले होते. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दाढांत, टोक बरोबर अंडीवाले काकांच्या खाली, हौद्याच्या पत्र्याला लावलेलं. डोळे मिटलेले होते. मी बघतोय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण डोळे उघडले.  मी "वस्ताद" म्हणायला गेलो, तर त्यांचा डावा हात, जेवढा त्या जागेत उचलता येईल तेवढा, वर झाला.

मी गप्प बसलो. त्यांनी डोळे पुन्हा मिटले आणि वरची माणसं दमून गप्प होईपर्यंत ते तसेच पडून राहिले. मग त्यांनी बोल्ट आवळले, सगळे आठ, एकेक करून. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "झालं. मॉनिटर उतरा." आवाज थोडा घोगरा होता, एवढंच.

गाडी त्यानंतर चूं करेनाशी झाली. कोथरूडच्या त्या गिऱ्हाइकाकडे मी मुद्दाम गेलो. "आज वाजत नाहीये," ते संशयाने म्हणाले. "काय काढून घेतलंत आतून?"

आठवडाभराने वस्ताद माझ्या दारात उभे. पांढरा स्वच्छ सदरा, दाढी केलेली, नखांतलं काळं मात्र तसंच.

"तुमच्या पेठेत कानाचे डॉक्टर आहेत ना? चला."

मी सवयीने हात हलवून, "काय चाललंय काय तुमचं, चला की!" असं ओरडलो. समोरच्या गॅलरीत दोन माणसं आली. वस्ताद म्हणाले, "इथे नका ओरडू. तुमच्या ओठांवरून कळतं मला. आणि गल्लीत कोणाला सांगू नका. वाईट वाटेल त्यांना. इतकी वर्षं जीव तोडून ओरडतायत बिचारे."

डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी एक लोखंडी चिमटा वाजवला. वस्तादांना काही नाही. तोच चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला. वस्ताद म्हणाले, "सूर थोडा उतरलाय याचा." डॉक्टर उडालेच. मग त्यांनी समजावून सांगितलं, की कानाच्या आत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं, ते हलायला पाहिजे, यांचं जाम झालंय. त्यामुळे हवेतून आलेला आवाज आत पोचत नाही. हाडातून, दातांतून आलेला मात्र थेट पोचतो. सगळं मी कागदावर लिहून वस्तादांना दाखवलं.

"म्हणजे सांध्यात जाम," वस्ताद म्हणाले. "बदलता येतं?"

येतं, असं डॉक्टरांनी मानेने सांगितलं.

"नवीन बसवताना काय लावता? साबण की ग्रीस?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सांगून टाका काहीतरी. नाहीतर ते करू देणार नाहीत."

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र ते नव्हतं. ऑपरेशन कधी कधी उलटतं, मग उरलेलंही जातं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता माणसं ऐकू येत नव्हती, उद्या कदाचित गाडीही आली नसती. वस्ताद जिन्यात बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "एकच कान करू. एक राहू दे गाडीला." गल्लीत त्यांनी सांगितलं की मुलीकडे मिरजेला चाललोय. अंडीवाले काका ओरडले, "जा! आणि लवकर तोंड काळं करा इकडे!" आणि त्यांच्या हातात प्रवासासाठी डझनभर उकडलेली अंडी ठेवली.

ऑपरेशननंतर कानातला कापूस काढला त्या दिवशी मी त्यांना पिकअपमधून आणायला गेलो. टिळक रस्त्यावर सकाळची सगळी गर्दी होती. वस्तादांनी दोन्ही हातांनी सीट धरली होती. "हे रोज असतं?" त्यांनी विचारलं. "आणि तुम्ही लोक यात राहता?" मग एका सिग्नलला शेजारच्या स्कूटरवर एक बाई पाठीमागच्या मुलीला काहीतरी पुटपुटत समजावत होती. वस्ताद खिडकीतून इतके वाकले की मी त्यांचा सदरा धरला. हिरवा दिवा लागला, स्कूटर गेली, तरी ते तिकडेच बघत होते. "मीठ विसरू नको म्हणाली," ते म्हणाले. आणि रडायला लागले. मलाही आवरेना. मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला हलवलं.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. "आता सांगणार ना सगळ्यांना?"

"नाही."

"का?"

"अहो, ते समजतात मला काही ठाऊक नाही. आता मी सांगू, की मला सगळं ठाऊक होतं आणि आता ऐकूही येतं? त्यांनी तोंड कुठे लपवायचं? एवढं सांभाळलंय त्यांनी. त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे."

"आणि ते ओरडत राहतील त्याचं काय?"

"ओरडू दे. शब्द तरी नीट कळतील."

तर अशी गंमत झाली. आधी गल्ली त्यांच्यापासून लपवत होती, आता ते गल्लीपासून लपवायला लागले. ओरडणं पूर्वीइतकंच जोरात चालू राहिलं आणि ते आता त्यांना सगळं ऐकू येत होतं. पहिल्याच दिवशी मावशी कानाशी येऊन "बिस्कीट हवंय काऽ?" अशा किंचाळल्या की वस्तादांच्या हातून पाना पडला. दुसऱ्या दिवसापासून वस्तादांनी त्या दुरुस्त केलेल्या कानात कापसाचा बोळा घालायला सुरुवात केली. विचारलं तर सर्दी झालीये म्हणायचे. त्यांची सर्दी पाच-सहा वर्षं टिकली.

बोळा काढून ठेवला असेल तेव्हा त्यांना नको ते ऐकू यायचं. मावशींनी एकदा तोलणारांपाशी हळूच कुरकुर केली, की स्टोव्ह फार खाली आहे, वाकून वाकून कंबर गेली. दोन दिवसांनी वस्तादांनी जुन्या पाट्याच्या लोखंडाची चौकट वेल्डिंग करून आणून ठेवली. "रिकामा होतो म्हणून केली." मावशी त्या चौकटीकडे आणि वस्तादांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. गल्लीत बोललं जाऊ लागलं, की देवाने कान नेले पण मनातलं ओळखायची विद्या दिली. काकांनी तर त्यांच्यासमोरच कोणाला तरी हे सांगितलं, हळू आवाजात, आणि वस्तादांनी पान्याचे नंबर बघत असल्याचं सोंग केलं. मी तोंड फिरवून खोकलो.

मग ती गल्लीच जायची ठरली. रस्ता मोठा होणार होता. तशा नव्या गाड्याही फारशा येईनाशा झाल्या होत्या. त्यांना बाहेरून कॉम्प्युटर जोडला की दुखणं पडद्यावर दिसायचं, आणि तसले कॉम्प्युटर विकून माझंच बरं चाललं होतं. वस्तादांनी सामान बांधलं आणि मिरजेला मुलीकडे जायचं ठरवलं, या वेळी खरोखर. सामान न्यायला मीच पिकअप घेऊन गेलो.

सगळे जमले होते. "परत फिरकू नका इकडे!" मावशी गळा काढून ओरडल्या. "आणि ईदला आला नाहीत तर बघा!" तोलणार नुसतेच हात हलवून "काय चाललंय काय तुमचं!" म्हणाले, पुढचं त्यांना सुचेना. वस्ताद माझ्या शेजारी येऊन बसले. मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात अंडीवाले काका माझ्या खिडकीशी आले. वाकले. त्यांचं तोंड वस्तादांपासून दीड हातावर होतं.

"बघा," ते मला म्हणाले, त्यांच्या खऱ्या, हळू आवाजात. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर असा अभिमान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "शेवटपर्यंत कळू दिलं नाही हो आम्ही त्यांना."

वस्ताद समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत होते. मग त्यांनी कानामागे हात धरला आणि मोठ्याने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

 मी हात हलवून ओरडलो, "म्हणतायत, गेली एकदाची कटकट!"

"त्यांना म्हणावं, मलाही तेच वाटतंय!" वस्ताद ओरडले.

काका खूश होऊन हसले, बॉनेटवर दोनदा थापटलं आणि बाजूला झाले.

गाडी कात्रजच्या घाटाला लागली. मग वस्ताद म्हणाले, "इतकी वर्षं ऐकतोय मी काकांना. सगळ्यांशी किती मऊ बोलतात. माझ्याशी तसं एकदाही बोलले नाहीत." आणि मग म्हणाले, "माझंच आहे ते. सांगितलं असतं तर बोलले असते."

 खरं सांगायचं तर सवयीने मीही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो, आम्ही दोघंच असतानासुद्धा. घाटातला वारा आत येत होता आणि त्यांचे पांढरे केस उडत होते.

"वस्ताद," मी म्हटलं, जेवढं हळू म्हणता येईल तेवढं हळू, "काच वर करू का?"

ते माझ्याकडे वळले. 

"राहू द्या," ते म्हणाले, माझ्याहून हळू.